‘आयडी इम्पॉर्टंट’: न विचारलेल्या एका शब्दाची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर दोघातिघांनी विचारलं की तुम्ही सॉफ्टवेअरवाले साध्या गोष्टीसाठी एवढे अवघड इंग्रजी शब्द का वापरता? प्रश्न रास्त आहे. आजचा भाग त्यावरच. इंग्रजीतले अवघड, तांत्रिक, चारचौघात कोणी न वापरणारे शब्द.

पण मी यादी वाचून दाखवणार नाही. तशा याद्या नेटवर ढिगाने आहेत आणि त्या वाचून दुसऱ्या दिवशी काही लक्षात राहत नाही. आधी माझी एक फजिती सांगतो. ती एका शब्दामुळे झाली. आणि त्या फजितीत काही लोकांचे खरेखुरे पैसे अडकले, म्हणून मला ती अजून पूर्णपणे हसण्यावारी नेता येत नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढे बीटेक केलं. बीटेकचं पहिलं सेमिस्टर मी मुख्यतः मान हलवण्यात काढलं. सर काहीतरी म्हणायचे, बाकीची पोरं मान हलवायची, मीही हलवायचो. मग होस्टेलवर येऊन शोधायचो की नक्की काय म्हणाले. ही सवय इतकी अंगवळणी पडली की नोकरी लागल्यावरही सुटली नाही. फरक एवढाच, की कॉलेजात रूमवर जाऊन शोधायला वेळ असायचा. नोकरीत नसतो.

पहिली नोकरी पुण्यात. काम पेमेंटच्या टीममध्ये. म्हणजे तुम्ही अ‍ॅपवर ‘पे’चं बटन दाबलं की मागे जे काही घडतं, त्यातला एक तुकडा माझ्याकडे. रुजू होऊन तीन महिने झाले असतील. एका मीटिंगमध्ये टीम लीड मला म्हणाला, ‘‘तू रिट्रायचं काम घे. फक्त कॉल आयडेम्पोटंट हवा, तेवढं बघ.’’

मी मान हलवली. आणि वहीत लिहिलं, ‘आयडी इम्पॉर्टंट’.

हसताय ना? पण विचार करा. आयुष्यात पहिल्यांदा ‘आयडेम्पोटंट’ हा शब्द ऐकणाऱ्या माणसाला, मीटिंगच्या गडबडीत, ‘आयडी इम्पॉर्टंट’ ऐकू येणं फार अवघड नाही. शिवाय वाक्याला अर्थही लागत होता. पेमेंटमध्ये आयडी महत्त्वाचा असतोच. त्यामुळे शंकाच आली नाही. अजिबात कळलं नसतं तर कदाचित शोधलं तरी असतं. अर्धवट कळल्यासारखं वाटलं, तिथे घात झाला.

आता रिट्राय म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आमचा सर्व्हर पलीकडच्या सर्व्हरला सांगतो, या खात्यातून पाचशे रुपये घे. दहा सेकंद झाली, उत्तर आलं नाही. आता दोन शक्यता आहेत. एक, आमचा निरोप पोचलाच नाही. दोन, निरोप पोचला, पैसे कापलेही गेले, पण ‘झालं’ हे उत्तर परत येताना वाटेत हरवलं. आमच्या बाजूने दोन्ही अगदी सारखंच दिसतं. म्हणून आम्ही पुन्हा विचारतो. त्याला रिट्राय म्हणायचं.

मग दोनदा पैसे कापले जाऊ नयेत म्हणून काय करायचं? तर पहिल्या वेळी जो आयडी पाठवला, तोच दुसऱ्या वेळीही पाठवायचा. म्हणजे पलीकडच्याला कळतं की हे नवीन काम नाही, मघाचंच आहे. ते झालं असेल तर तो नुसतं ‘झालं’ म्हणतो, पैसे पुन्हा घेत नाही.

मी काय केलं? आयडी इम्पॉर्टंट ना! म्हणून मी प्रत्येक प्रयत्नाला नवा कोरा आयडी दिला. उत्तम प्रतीचा, कधीही रिपीट न होणारा. फार मन लावून केलं होतं ते काम.

टेस्टिंगमध्ये सगळं पास. कारण टेस्टिंगचं नेटवर्क कधी मंदावतच नाही. पुढे एका शुक्रवारी रात्री पलीकडचा सर्व्हर सुस्तावला. उत्तरं उशिरा यायला लागली. आमचा कोड इमानदारीत पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि दर वेळी नवा आयडी. लोकांचे पैसे दोनदा कापले गेले, काहींचे तीनदा.

रात्री साडेअकराला फोन. पहाटे चारपर्यंत बसून आम्ही तो कोड मागे घेतला आणि कोणाचे किती गेले याची यादी केली. सपोर्टकडे आलेले मेल मी त्या रात्री एकेक करून वाचले. एका बाईंनी लिहिलं होतं की खात्यातले उरलेले पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीचे होते, सोमवारी शेवटचा दिवस आहे. सगळ्यांचे पैसे परत गेले, पण ते मंगळवारी. सोमवारचं त्या बाईंनी काय केलं, ते मला कधीच कळलं नाही.

पहाटे टीम लीडने मला विचारलं, ‘‘आयडेम्पोटंट म्हणालो होतो ना मी?’’ मी वही उघडून दाखवली. त्याने ते दोन शब्द वाचले. एक मिनिट काहीच बोलला नाही. मग हसला. आणि म्हणाला, ‘‘अरे, विचारायचं होतंस.’’

तर मंडळी, आयडेम्पोटंट. काय आहे हा शब्द?

१८७० साली हार्वर्डचे एक गणिताचे प्राध्यापक बीजगणितावर काम करत होते. नाव बेंजामिन पर्स. स्पेलिंग बघून आपण ‘पियर्स’ म्हणू, पण उच्चार ‘पर्स’. पैशांच्या भानगडीतला शब्द आणि तो बनवणाऱ्याचं आडनाव पर्स, हा निव्वळ योगायोग. त्यांना अशा गोष्टींना नाव हवं होतं, ज्यांना स्वतःनेच गुणलं तरी उत्तर तेच राहतं. जसं एक गुणिले एक, एकच. शून्य गुणिले शून्य, शून्यच. लॅटिनमध्ये ‘इडेम’ म्हणजे तेच, आणि ‘पोटेन्स’ म्हणजे सामर्थ्य असलेलं. दोन्ही जोडून आयडेम्पोटंट. पुढे हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांनी उचलला. त्यांच्याकडे अर्थ झाला: असं काम, जे एकदा केलं काय आणि दहादा केलं काय, परिणाम एकच.

लिफ्टचं बटन घ्या. घाईतला माणूस पाच वेळा दाबतो, पण लिफ्ट एकदाच येते. हे आयडेम्पोटंट. आता एसटीची घंटी घ्या. कंडक्टरने एकदा वाजवली तर गाडी थांबते, दोनदा वाजवली तर सुटते. हे आयडेम्पोटंट नाही. माझा कोड एसटीच्या घंटीसारखा होता आणि तो लिफ्टच्या बटनासारखा असायला हवा होता. एवढंच त्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं असतं तर! पण कोणी म्हणायच्या आधी मी विचारायला हवं होतं, हेही खरं.

त्या प्रकारानंतर मला वाटायचं की एवढा बावळटपणा जगात फक्त मीच केला असेल. मग एक दिवस मला ‘डॉर्ड’ भेटला आणि जिवात जीव आला.

डॉर्ड ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत वेबस्टरची मोठी डिक्शनरी आहे. तिची दुसरी आवृत्ती १९३४ साली निघाली. डिक्शनरीचं काम तेव्हा चिठ्ठ्यांवर चालायचं. एक शब्द, एक चिठ्ठी. वेगवेगळ्या विषयांचे जाणकार चिठ्ठ्या लिहून पाठवायचे आणि त्या गठ्ठ्यांत लावल्या जायच्या. ३१ जुलै १९३१ ला रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी एक चिठ्ठी पाठवली. त्यांना सांगायचं इतकंच होतं की घनता, म्हणजे डेन्सिटी, या शब्दासाठी मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ हे संक्षेप म्हणून वापरतात. आता इंग्रजीत ‘किंवा’ म्हणजे ‘ऑर’. तेव्हा चिठ्ठीवर होतं ‘डी ऑर डी’.

ही चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. आणि शब्दांच्या चिठ्ठ्यांवर मुख्य शब्दाच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून टाइप करायची पद्धत होती. त्यामुळे ‘डी ऑर डी’ कोणीतरी सलग वाचलं. डी, ओ, आर, डी. डॉर्ड! कोणीतरी त्याचा उच्चार लिहिला. नाम आहे असं ठरवलं. अर्थ दिला घनता. आणि डिक्शनरीत छापून मोकळे.

एवढी मोठी डिक्शनरी. तो शब्द किती नजरांखालून गेला असेल. प्रुफं तपासणारे होते. एकानेही विचारलं नाही की हा शब्द आला कुठून? बहुतेक प्रत्येकाला वाटलं असणार, रसायनशास्त्रातलं काहीतरी आहे, आपल्याला काय कळतंय. मला ही भावना ओळखीची आहे. मान हलवणं म्हणजे हेच तर असतं.

पाच वर्षं तो शब्द तसाच राहिला. २८ फेब्रुवारी १९३९ ला एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. ना लॅटिन, ना ग्रीक, काहीच नाही. मग शोधाशोध झाली, ती जुनी चिठ्ठी सापडली आणि सगळा उलगडा झाला. पुढे १९५४ मध्ये त्याच डिक्शनरीचे फिलिप गोव्ह यांनी ही हकीकत लेख लिहून जाहीर सांगितली. अशा शब्दांना इंग्रजीत ‘घोस्ट वर्ड’ म्हणतात. भुताचा शब्द. हे नाव १८८६ साली वॉल्टर स्कीट या भाषेच्या अभ्यासकाने दिलं.

तर ‘डी ऑर डी’चा झाला ‘डॉर्ड’, आणि ‘आयडेम्पोटंट’चा झाला ‘आयडी इम्पॉर्टंट’. माझी जात कुठली ते मला कळलं.

पण यातून मी एक शिकलो. डॉर्डला पकडलं ते एका साध्या प्रश्नाने. हा शब्द आला कुठून? तेव्हापासून मी वहीच्या मागच्या पानांवर शब्द लिहायला लागलो. मीटिंगमध्ये नवीन शब्द आला की लिहायचा, आणि संध्याकाळपर्यंत तो कुठून आला ते शोधायचं. नुसता अर्थ नाही, उगम. कारण अर्थ पाठ करावा लागतो आणि तो विसरतो. उगम कळला की अर्थ आपोआप राहतो. दोन-तीन उदाहरणं देतो.

‘डेप्रिकेटेड’. आमच्या धंद्यात हा शब्द रोज येतो. एखादी जुनी सोय अजून चालू आहे, पण ती पुढेमागे काढणार आहोत, नवीन कामात वापरू नका, असं सांगायचं असेल तर ती ‘डेप्रिकेटेड’ आहे म्हणतात. मी बरेच दिवस तो ‘डिप्रिशिएटेड’ समजत होतो. म्हणजे हिशेबात मशीनवर घसारा लावतात ना, ते. पण दोन्ही वेगळे आहेत. ‘डेप्रिकेट’च्या मुळाशी लॅटिनमधली प्रार्थना आहे. ‘प्रेकारी’ म्हणजे प्रार्थना करणं आणि ‘दे’ म्हणजे दूर. एखादं संकट दूर जावं म्हणून केलेली प्रार्थना. म्हणजे आपलं ‘इडापिडा टळो’. आता जुन्या कोडसमोर डेप्रिकेटेड लिहिलेलं दिसलं की मला दर वेळी कोणीतरी त्याच्यावरून मीठमोहरी उतरवून टाकतंय असंच दिसतं. पण अर्थ मात्र परत कधी चुकला नाही.

दुसरा, ‘डीमन’. लिनक्स वापरणाऱ्यांनी पाहिलं असेल, पाठीमागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाच्या शेवटी बऱ्याचदा एक ‘डी’ असतो. तो या डीमनचा. १९६३ च्या सुमारास एमआयटीमधल्या ‘प्रोजेक्ट मॅक’च्या मंडळींनी हा शब्द वापरायला सुरुवात केली. तो आला भौतिकशास्त्रातून. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक काल्पनिक प्राणी मांडला होता. दोन खोल्या, मध्ये छोटं दार. हा प्राणी दाराशी बसून वेगवान रेणू एका बाजूला सोडतो, मंद रेणू दुसऱ्या बाजूला. न थकता, न कंटाळता. पुढे त्याला ‘मॅक्सवेलचा डेमन’ म्हणायला लागले. तर मागे बसून निमूट काम करणारा, म्हणून डीमन. हे कळल्यावर मला कॉलेजात चार ओळींची व्याख्या पाठ केली होती त्याचं वाईट वाटलं. दाराशी बसलेला तो प्राणी एकदा सांगितला असता तर व्याख्या लागलीच नसती.

तिसरा, ‘हिस्टेरिसिस’. बीटेकच्या पहिल्या वर्षी चुंबकत्वाच्या धड्यात याची आकृती काढून मार्क मिळवले होते. हा शब्द जेम्स आल्फ्रेड युइंग यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवला. माणूस स्कॉटलंडचा, पण तेव्हा टोकियोत शिकवत होता. ग्रीकमध्ये याचं मूळ आहे ‘मागे राहणं, उशिरा पोचणं’. लोखंडाला चुंबक लावलं आणि काढलं तरी त्यातलं चुंबकत्व लगेच जात नाही, मागे रेंगाळतं. ते हिस्टेरिसिस.

घरचं उदाहरण म्हणजे फ्रिज. समजा, कॉम्प्रेसर पाच अंशाला चालू आणि पाच अंशालाच बंद, असं केलं तर तो मिनिटाला दहा वेळा चालू-बंद होईल आणि जळेल. म्हणून चालू व्हायचा आकडा वेगळा आणि बंद व्हायचा वेगळा ठेवतात. मधल्या पट्ट्यात तो आधी जे करत होता तेच करत राहतो. आमचे सर्व्हरही असेच वाढवतो-कमी करतो आम्ही. लोड अमुक झाला की एक सर्व्हर वाढव, पण त्याच आकड्याखाली आल्याबरोबर काढू नकोस, अजून बराच खाली येऊ दे. हे एका शब्दात सांगायला हिस्टेरिसिस लागतो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

म्हणजे बघा, अवघड शब्द वाईट नसतो. कोणाला तरी एक नेमकी गोष्ट सांगायची होती आणि असलेल्या शब्दांत ती मावत नव्हती, म्हणून तो बनला.

‘पेट्रिकोर’ माहीत असेल तुम्हाला, पावसाळ्यात स्टेटसवर फिरतो. पहिल्या पावसात येणारा मातीचा वास. हा शब्द जुना-पुराणा वाटतो, पण तो १९६४ सालचा आहे. ऑस्ट्रेलियातले दोन शास्त्रज्ञ, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस, यांनी कोरड्या दगड-मातीतून वाफेच्या साहाय्याने एक पिवळसर तेल काढलं आणि दाखवलं की हा वास त्यातून येतो. ‘नेचर’ मासिकात त्यांनी या वासाला नाव सुचवलं. ग्रीकमध्ये ‘पेत्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहणारा द्रव. गंमत अशी की उत्तर प्रदेशात हा वास पूर्वीपासून बाटलीत भरून विकला जात होता, मिट्टी का अत्तर म्हणून, आणि हे त्या दोघांना माहीत होतं. आपल्याकडे तर मृद्गंध हा शब्द आहेच. तेव्हा स्टेटस मराठीत ठेवायला काही हरकत नाही.

आणि कधीकधी उगम शोधत जावं तर पाय घरीच येऊन थांबतात. ‘मंगूज’ हा इंग्रजी शब्द मी असाच शोधला. डिक्शनरी म्हणते, मराठीतून आला. आपलं मुंगूस! शाळेत ‘मंगूज’चं स्पेलिंग चुकलं म्हणून मी पट्टी खाल्ली होती. आपलाच शब्द, आणि आपणच मार खाल्ला.

आता दुसरी बाजू. सगळेच अवघड शब्द गरजेतून आलेले नसतात. इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द म्हणून एक ४५ अक्षरी शब्द क्विझमध्ये विचारतात. ‘न्यूमोनो’ने सुरू होतो, पुढचं म्हणायला गेलो तर हा भाग संपेल. अर्थ काय, तर अतिसूक्ष्म धूळ श्वासात जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार. पण हा शब्द डॉक्टरांनी बनवलेला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी, सगळ्यात लांब शब्द व्हावा म्हणून, तो जोडून जोडून तयार केला. पेपरात छापून आला आणि मग डिक्शनऱ्यांतही शिरला. दगडखाणीत काम करणाऱ्यांना जो आजार होतो त्याला डॉक्टर नऊ अक्षरांत ‘सिलिकोसिस’ म्हणतात. ४५ अक्षरं त्याहून जास्त काही सांगत नाहीत. माणूस हुशार आहे, एवढंच सांगतात.

आणि एक तर चक्क सापळा आहे. ‘एस्क्विव्हॅलियन्स’. २००१ साली अमेरिकेसाठी काढलेल्या ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत हा छापला. अर्थ, आपली कामाची जबाबदारी जाणूनबुजून टाळणं. शब्द पूर्णपणे खोटा. ख्रिस्तीन लिंडबर्ग या संपादिकेने बनवला. हेतू हा, की दुसऱ्या कोणी डिक्शनरी कॉपी केली तर हा शब्दही कॉपी होईल आणि चोर सापडेल. जबाबदारी टाळणाऱ्यालाच पकडायला हा अर्थ, म्हणजे विनोदबुद्धी बघा! २००५ मध्ये हे जाहीर झालं. तोवर कोणी मीटिंगमध्ये तो वापरला असता तर मी नक्की मान हलवली असती.

म्हणजे तीन जाती झाल्या. गरजेतून आलेला शब्द, मिरवायला आलेला शब्द आणि चुकून किंवा मुद्दाम घुसवलेला शब्द. कानाला तिन्ही सारखेच अवघड लागतात. कुठला कोण हे ओळखायचा एकच उपाय आहे. विचारणं.

आता तुम्ही म्हणाल, विचारायची लाज वाटते. मलाही वाटायची. त्यावर माझ्याकडे एक औषध आहे.

११ जानेवारी २०१०. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. ‘ब्रिस्को विरुद्ध व्हर्जिनिया’ हा खटला. मिशिगन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड फ्रीडमन युक्तिवाद करत होते. एका मुद्द्याबद्दल ते म्हणाले की तो इथे ‘ऑर्थोगोनल’ आहे. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्यांना तिथेच थांबवलं आणि विचारलं, काय म्हणालात? फ्रीडमननी शब्द पुन्हा सांगितला, अर्थ सांगितला: काटकोनात असलेला, म्हणजे या प्रश्नाशी संबंध नसलेला. दुसरे न्यायमूर्ती स्कालिया यांना तो शब्द इतका आवडला की ते म्हणाले, निकालपत्रात वापरायला हवा. कोर्टात हशा झाला.

देशाचे सरन्यायाधीश, भरलं कोर्ट, शब्द न् शब्द नोंदवला जातोय. आणि ते विचारतात, काय म्हणालात? त्यात कोणाला त्यांचं इंग्रजी कच्चं वाटलं नाही. मग मीटिंगमध्ये आठ जणांसमोर मला कसली भीती?

या ‘ऑर्थोगोनल’वरूनच शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक नवीन मुलगी रुजू झाली. पहिलीच नोकरी. एका डिझाइनच्या मीटिंगमध्ये मी बोलत होतो आणि म्हणून गेलो, ‘‘हे दोन बदल ऑर्थोगोनल आहेत.’’ समोर सगळ्यांनी माना हलवल्या. ती नाही. ती म्हणाली, ‘‘दादा, एक मिनिट. ऑर्थोगोनल म्हणजे?’’

मी आनंदाने सांगायला लागलो. म्हणालो, म्हणजे इंडिपेंडंट. म्हणजे डीकपल्ड. म्हणजे एकाचं दुसऱ्यावर डिपेंडन्सी नाही असं. एक शब्द समजावायला मी आणखी तीन इंग्रजी शब्द टाकले. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला काही मिळालेलं नाही. आणि मला त्या क्षणी जाणवलं की शब्द भिरकावणारा आता मी झालोय. ज्या बाजूला मी वही घेऊन बसायचो, तिकडे आता ती बसली होती.

मग मी ग्रीक सांगितलं. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ‘गोनिया’ म्हणजे कोन. काटकोन. पूर्वेला कितीही चाललात तरी उत्तरेला एक पाऊलही पुढे जात नाही. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, ‘‘म्हणजे आमच्या बाथरूममधल्या नळांसारखं नाही, असं का? गरम आणि थंड असे दोन वेगळे नळ आहेत. पाणी जास्त हवं म्हणून एक सोडला की तापमान बिघडतं. तापमान नीट करायला दुसरा फिरवला की पाणी वाढतं. एक नीट करावं तर दुसरं हलतं.’’

मी म्हटलं, ‘‘बरोबर, हे ऑर्थोगोनल नाही. आणि हॉटेलात एक दांडीवाला नळ असतो ना, वर उचलला की पाणी वाढतं, बाजूला फिरवला की तापमान बदलतं, ते ऑर्थोगोनल.’’

त्या मीटिंगनंतर मान हलवणाऱ्यांपैकी दोघं माझ्याकडे आले. म्हणाले, बरं झालं तिने विचारलं. आम्हालाही नक्की माहीत नव्हतं. त्यातला एक माझ्याहून चार वर्षांनी सीनियर आहे.

आता मी ऑर्थोगोनल सांगताना नळच सांगतो. उदाहरण तिचं आहे, हेही सांगतो. आणि दुसरं काम देताना अवघड शब्द वापरला तर समोरच्याला म्हणतो, तुला काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग. वेळ जातो, मान्य आहे. दोन मिनिटं जातात. पण माझ्या हलवलेल्या एका मानेने एक शुक्रवारची रात्र गेली होती, आणि कोणाचा तरी सोमवार.

ती वही अजून माझ्याकडे आहे. ‘आयडी इम्पॉर्टंट’चं पान तसंच आहे. फाडलं नाही, खोडलं नाही. खाली फक्त एक ओळ लिहिली आहे: लिफ्टचं बटन, एसटीची घंटी नव्हे.

तर मंडळी, या आठवड्यात तुमच्यासाठी एक काम. कोणीतरी तुमच्यासमोर न कळणारा शब्द वापरेल. ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात, कुठेही. मान हलवू नका. म्हणा, एक मिनिट, म्हणजे काय? आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. चांगली उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवीन. आणि कोणी ‘एस्क्विव्हॅलियन्स’ वापरला तर तेही कळवा, आपल्याला माणूस सापडला!

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.